१९८७ ची फेरारी ३२८, फक्त १४ हजार किलोमीटर. मुंबईत विकायला आहे, घ्यावी का?

कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, हे इथे उलटंही ठरतं. उभ्या गाडीचं रबर आपलं वय मोजतच असतं.

आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, बदलल्याचं बिल मागा. ३२८ ला दोन बेल्ट असतात. किलोमीटर कितीही असोत, पाचेक वर्षांनी ते, त्यांना ताणून धरणाऱ्या टेन्शनर बेअरिंगसकट, बदलायचे. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बिल नसेल तर बेल्ट जुनाच धरा, चावीसुद्धा फिरवू देऊ नका.

टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी कोरी दिसली तरी टाकाऊच. साठलेल्या पेट्रोलचा चिकटा के-जेट्रॉनिक या इंधन-इंजेक्शन यंत्रणेच्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरमध्ये बसतो, आणि ई२० ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने, जुने रबरी होज लवकर जातात. दमट हवेत गंज बाहेरून दिसत नाही, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी बघा.

कागद मात्र सगळ्यांत आधी. आरसी विकणाऱ्याच्या नावावर हवी, चासी नंबर स्वतः ताडून घ्या. कार्नेटवर, म्हणजे परत देशाबाहेर न्यायच्या अटीवर, तात्पुरती आलेली गाडी असेल तर विषय संपला.