नॉन-रिलेशनल म्हणजे ‘असंबंधित’ नव्हे

सोलापुरातल्याच एका मॅडमचा प्रश्न आलाय. त्या डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या पोरांना मोंगोडीबी हा नॉन-रिलेशनल डेटाबेस शिकवतात, आणि या प्रकाराला मराठीत ‘असंबंधित’ म्हणलं तर चालेल का असं विचारतायत, कारण निम्मी पोरं पेपरात “यात डेटाचा एकमेकांशी संबंध नसतो” असंच लिहून येतात.

नाही चालणार मॅडम. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं उठतं. एका क्लासच्या जाहिरातीत तर चक्क ‘नाती नसलेला डेटाबेस’ छापलेलं बघितलं! रिलेशनलमधलं रिलेशन म्हणजे नातं नव्हेच. आयबीएममधल्या एडगर कॉडनी १९७० साली तो शब्द गणितातनं उचलला, आणि तिथं त्याचा अर्थ एकाच साच्यातल्या ओळींचा संच, म्हणजे सरळ टेबल; नॉन-रिलेशनल म्हणजे तसल्या टेबलांत न मांडलेला. टेबला-टेबलांतलं नातं ही पुढची गोष्ट. उलट निओफोरजेसारखा ग्राफ डेटाबेस घ्या, त्यात कोण कुणाचं गिऱ्हाईक, कोण कुणाचा सप्लायर हे नातंच साठवतात, आणि तरी त्याची गणती नॉन-रिलेशनलमध्येच होते. मग असंबंधित कुठनं आलं?

आता टेबलाला काही जण हट्टानं ‘सारणी’ म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. सारणी म्हणजे पाण्याचा पाट, आपल्याला डेटा साठवायचाय, शेताला पाजायचा नाहीये. आपला शब्द कोष्टक, आणि काय शब्द आहे हो! मूळ संस्कृत कोष्ठ, म्हणजे आतली बंद जागा, साठवणीची खोली. त्यातनंच कोठा, कोठी, कोठार, कोठडी, अगदी बद्धकोष्ठतासुद्धा. कोष्ठाला ‘क’ लागला की झाला छोटा कोठा. आज्जी ज्या कोठीत ज्वारी भरून ठेवायची तीच कोठी बारीक करून कागदावर ओळीनं मांडली की कोष्टक.

आणि माझं तर पुढचं मत आहे की आपला कोष्टी, विणकर, तोही याच घरातला. व्युत्पत्तिवाले सांगतात कोश म्हणजे रेशमाचा कोसला, त्यावरनं कोष्टी. मग मधला ‘ट’ कुठनं आला ते सांगा की! सोलापुरी चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर घर-घर रंगवून काढतात, मग त्या घरांप्रमाणं जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डांना भोकं पाडतात, उभा ताणा आडवा बाणा, अख्खं कापडच कोष्टक आहे. शब्द जॅकार्डच्या कितीतरी आधीचा हे मान्य, पण ताणा-बाणा तर तेव्हाही होताच. आणि गंमत बघा, ज्या आयबीएममधनं कॉडचं टेबल आलं ती कंपनीसुद्धा भोकं पाडलेल्या कार्डांवरच मोठी झाली. मला ही साखळी फार आवडते, कोशातले पंडित काहीही म्हणोत.

हां, तर तुमचा शब्द. ‘कोष्टकी’ आणि ‘बिनकोष्टकी’ म्हणा. वर्गात चाटी गल्लीतल्या दुकानाचं एक बिल फळ्यावर लिहा. चादरीला मयूरपंख डिझाइन आणि साइझ, टॉवेलला जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला वजन) आणि रंग, नॅपकिन नुसता डझनावर. एका कोष्टकात बसवलं तर निम्मी घरं रिकामी, आणि रिकामी नको तर चार टेबलं करून जोडत बसा. मोंगोडीबीत अख्खं बिल एकच डॉक्युमेंट, ज्या मालाला जे लागतं तेवढंच त्याच्याजवळ. संबंध कुठंच तुटला नाही, उलट सगळा माल गिऱ्हाइकाच्या नावाखाली एकत्र बसला. हे एकदा बघितलं की पोरं तसलं वाक्य लिहिणार नाहीत.

आणि बिनकोष्टकी डेटाबेसला नोएसक्यूएलही म्हणतात, पण ते नाव त्यांना अर्थासाठी धरू देऊ नका. १९९८ साली कार्लो स्ट्रोझीनं ज्या डेटाबेसला ते पहिल्यांदा दिलं तो रिलेशनलच होता, फक्त एसक्यूएल, म्हणजे टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, वापरत नव्हता. आजचा बिनकोष्टकी हा अर्थ चिकटला २००९ पासनं.