वडील माजी सैनिक होते, आईच्या फॅमिली पेन्शनसाठी साताऱ्यात कुठे जायचं?
वडील मराठा लाइट इन्फंट्रीतले आणि पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) आईंचं नाव नाही, असं तुम्ही लिहिलंय. आईंना घेऊन थेट साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पेन्शन मंजूर करणं त्यांच्या हातात नसतं, पण त्यांच्या रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, कुठला कागद कमी पडतोय, हे ते नीट बघून देतात. डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, आधार, पासबुक सोबत ठेवा. आईंचं नाव सगळीकडे अगदी एकसारखं आहे ना, हे आधी तपासा. फाईल तिथेच अडकते. माजी सैनिकाच्या पत्नीचं ओळखपत्रही याच कार्यालयातून मिळतं, घरपट्टी माफीला ते उपयोगी पडतं. आणि कृपा करून एजंटला पैसे देऊ नका, हा आईंचा हक्क आहे.