खाणीच्या रस्त्यावरची मोरी: पाइप आधी ठरवू नकोस

माण-खटावच्या दुष्काळी भागात पाऊसच कुठे पडतो, असं म्हणून ६०० मिमीचा पाइप टाकू नकोस. मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून देणारी वाट, वर्षाच्या पावसावर नाही, तासाच्या माऱ्यावर ठरते, आणि वळीव तिकडेही बघता बघता ओढे भरतो.

ओघळाच्या वरचं पाणलोट आधी नकाशावर मोज. मग गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भाग. १२ हेक्टर, तासाला ७५ मिमी, गुणांक ०.८ धरला तर सेकंदाला २ घनमीटर. शेतजमिनीचा गुणांक इथे चालत नाही. माती काढलेला काळा दगड पाणी पीतच नाही.

१२०० मिमीचा पाइप सेकंदाला २ मीटर वेगाने भरून वाहिला तर सेकंदाला सव्वादोन घनमीटर नेतो. कागदावर पुरला. पण क्रशरची भुकटी नि डंपरमधून सांडलेली खडी तोंडाशी येऊन बसते, म्हणून मी तिथे दोन टाकीन. ९०० च्या खाली तर जाऊच नकोस, गाळ काढताना जीव जातो.

पाइपवरचा भराव भरलेल्या डंपरच्या चाकाच्या भारावर तपास. खालच्या तोंडाला दगडी पिचिंग (जमीन धुपू नये म्हणून दगड रचणं) कर, आणि पुढे ज्याचा बांध आहे त्याला विचारूनच पाण्याची दिशा ठरव.