जनगणनेच्या आकड्यांवर पोट भरते का? अंबडच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. कन्या बी.ए. भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील एका गावाचा प्रकल्प केल्यापासून तिने लोकसंख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचे मनावर घेतले आहे, असे आपण लिहिता. त्यावर आपला आक्षेप असा, की २०११ नंतरचे जनगणनेचे आकडेच हाती नाहीत. मग शिळ्या आकड्यांवर कसले संशोधन आणि कसली नोकरी? त्यापेक्षा एम.बी.ए. किंवा स्पर्धा परीक्षा बरी नव्हे का?

आधी शिळेपणाचे पाहू. आकडे जुने झाले आहेत, हे खरेच आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी ही गणना २०२१ मध्ये कोविडमुळे झाली नाही आणि साखळी पहिल्यांदाच तुटली. तरीही नाशिक महापालिकेची प्रभागरचना २०११ च्याच लोकसंख्येवर झाली आहे, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य द्यायचे याची मर्यादाही त्याच वर्षाच्या आकड्यांवरून ठरलेली आहे. म्हणजे हे आकडे जुने असले तरी कारभार त्यांच्यावरच चालतो, आणि ते आज किती चुकीचे ठरत असतील याचा शास्त्रशुद्ध अंदाज बांधणे हेच लोकसंख्याशास्त्रज्ञांचे रोजचे काम आहे. शिवाय पुढील जनगणनेची संदर्भतारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या मोजली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ ही आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद होणारी आणि कागदाऐवजी मोबाइलवर भरली जाणारी ही गणना असल्यामुळे आपली कन्या एम.ए. पूर्ण करून बाहेर पडेल, त्या सुमारास या गणनेतील कोष्टके वाचू शकणाऱ्या माणसांची गरज वाढलेली असेल. मात्र सगळे लगेच हाती पडत नाही, हेही सांगतो. २०११ च्या जनगणनेतील स्थलांतराची तपशीलवार कोष्टके यायला जवळपास आठ वर्षे लागली होती.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, पण माझ्या मते ज्यावर सगळे अवलंबून आहे, ते आता लिहितो. जनगणनेचा आकडा संकेतस्थळावरून उतरवून घेणे कोणालाही जमते. तो आकडा कोणत्या प्रश्नातून, कोणत्या व्याख्येतून आणि कोणत्या महिन्यात तयार झाला हे ओळखणे फार थोड्यांना जमते, आणि कामाचे मोल त्या ओळखण्यालाच असते.

कन्येच्या पेठ तालुक्याचेच घ्या. २०११ ची लोकसंख्या गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. आपल्या जिल्ह्यात हे दिवस ऐन द्राक्षहंगामाचे. पेठ-सुरगाण्याकडील कितीतरी कुटुंबे तेव्हा घराला कुलूप लावून दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर मजुरीला उतरलेली असतात. नियम असा, की गणनेच्या संपूर्ण कालावधीत जो माणूस घरी नव्हता, त्याला घरी मोजायचे नाही; तो जिथे असेल तिथे मोजायचे. म्हणजे पेठच्या गावाची छापलेली लोकसंख्या ही फेब्रुवारीतली लोकसंख्या झाली, आणि त्याच गावात जुलैमध्ये भातलावणीच्या वेळी गेलात तर वेगळेच गाव दिसेल. बागेच्या कडेला पाल ठोकून राहिलेले कुटुंब तिकडच्या प्रगणकाच्या, म्हणजे घरोघरी नोंद करणाऱ्याच्या, नजरेतून सुटले, तर ते कुठेच मोजले गेले नाही असेही होऊ शकते. त्या गावाची माणसे कमी झाली असा निष्कर्ष आकडा पाहून काढणारा विद्यार्थी एक, आणि फेब्रुवारीत कोण घरी होते असे विचारणारा दुसरा. दुसऱ्याला काम मिळते.

त्याच कुटुंबातील बाईच्या कामाची नोंद पाहा. वर्षात सहा महिने किंवा त्याहून अधिक काम केले तर ‘मुख्य कामगार’, त्याहून कमी केले तर ‘सीमांत कामगार’, आणि काहीच केले नाही तर ‘काम न करणारे’ अशी जनगणनेची वर्गवारी आहे. चार महिने बागेत खुडणी-छाटणी आणि तीन महिने स्वतःच्या भात-नागलीच्या शेतात राबलेली बाई खरे तर मुख्य कामगार ठरायला हवी. पण दारात आलेल्या प्रगणकाला नवऱ्याने ‘ती घरीच असते’ असे सांगितले, की एका वाक्यात तिची सात महिन्यांची मेहनत कोष्टकातून पुसली जाते. स्त्रियांच्या श्रमसहभागाचे आकडे वाचताना हे वाक्य ज्याला ऐकू येत नाही, त्याने या विषयाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वयाचे तर विचारूच नका. आमच्या घरी आलेल्या प्रगणकाने शेजारच्या आजींना वय विचारले, तेव्हा त्यांनी आधी सुनेकडे पाहिले आणि मग ‘लिहा साठ-पासष्ट’ असे सांगून टाकले. अशा कोट्यवधी उत्तरांमुळे शून्य आणि पाच या अंकांवर संपणाऱ्या वयांची गर्दी होते. ती मोजण्यासाठी व्हिपल आणि मायर्स यांच्या नावाचे निर्देशांक आहेत आणि वयोगटांचा कोणताही अभ्यास करण्याआधी ते काढून पाहावे लागतात.

देवळालीच्या लष्करी छावणीत स्त्रियांचे प्रमाण कमी दिसते म्हणून तिथे मुलींचा जन्म नाकारला जातो असे लिहिलेला एक निबंध माझ्याकडे तपासायला आला होता. बरॅकमध्ये राहणारे जवान त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याच्या ध्यानातच आले नव्हते! गर्भलिंगनिवडीची शंका घ्यायची तर शून्य ते सहा वर्षे वयोगटातील मुलामुलींचे गुणोत्तर पाहावे लागते. महाराष्ट्रात ते २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले, आणि चिंता करायची ती या घसरणीची.

आता शिक्षण आणि नोकरी. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मुख्य सूत्रधार आहे आणि लोकसंख्या अभ्यासातील पदव्युत्तर पदवीसाठी मी तिचेच नाव प्रथम घेईन. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था समाजशास्त्राच्या अंगाने याच प्रश्नांकडे पाहते. प्रवेशाच्या अटी आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच पाहाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

भारतीय सांख्यिकी सेवेचे नाव आपल्या कानावर आले असेल. त्या परीक्षेसाठी संख्याशास्त्र हा विषय पदवीला किंवा पदव्युत्तर पातळीवर असावा लागतो, त्यामुळे केवळ भूगोलाच्या पदवीवर ती वाट खुली होत नाही. मात्र भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशा कळतो, आणि गावनिहाय आकडे नकाशावर मांडता येणे ही आज आरोग्य विभागापासून बाजार-सर्वेक्षण करणाऱ्या कंपन्यांपर्यंत सर्वांना हवी असलेली कला आहे. तिला संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर ती या वर्षीच घालवावी लागेल. एक्सेलवर हात बसला की ‘आर’ ही मोफत मिळणारी संगणकप्रणाली शिकायला घ्यावी.

नोकऱ्या आहेत, पण पहिली चार-पाच वर्षे बहुतेक कामे प्रकल्पावरची, सहा महिने किंवा वर्षाच्या करारावरची असतात, आणि त्यांत गावोगाव फिरावे लागते. कायम पगार आणि एकाच गावी मुक्काम हीच आपली अपेक्षा असेल, तर बापलेकीने आधी यावर समोरासमोर बोलून घ्यावे. एम.बी.ए.ला माझा विरोध नाही. मात्र मन दुसरीकडे असताना केवळ सुरक्षित वाटते म्हणून घेतलेल्या एम.बी.ए.चे पुढे काय होते, ते मी या खुर्चीतून बरेच पाहिले आहे.

निर्णय घेण्यापूर्वी तिला एक काम द्या. नाशिक जिल्ह्याची २००१ आणि २०११ ची जनगणना पुस्तिका विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या, साक्षरता, कामगारांची वर्गवारी आणि सोयीसुविधा दिलेल्या असतात. प्रकल्प केलेले तेच गाव घेऊन तिने दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. मांडताना साक्षरतेचा दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढतात हे विसरू नये, आणि गावात आश्रमशाळा असेल तर तिथे राहणारी मुले त्याच गावात मोजली गेली आहेत हे ध्यानात ठेवावे. जिथे फरक मोठा दिसेल, तिथे गावात परत जाऊन त्याचे कारण ग्रामसेवकांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे. याला दोन महिने पुरतील. कोष्टकांनी ती कंटाळली, तर आपला आक्षेप बरोबर होता असे मी मान्य करीन. गावात दोनदा जाऊनही तिचे प्रश्न संपले नाहीत, तर देवनारचा अर्ज भरायला लावा, आणि तिने काढलेली ती तीन-चार पाने मलाही वाचायला पाठवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक