आधी बिल पाठवा, आशेचं मग बघू

*ताई, मी चित्रकार आहे, वय बेचाळीस. पुस्तकांची मुखपृष्ठं, आतली चित्रं, कधी कुणाच्या घरासाठी मोठं पेंटिंग, अशी कामं बरीच वर्षं करतोय. गेली दोन वर्षं कामंच आटली आहेत. घर बायकोच्या पगारावर चालतं. ती एका शब्दाने बोलत नाही, त्याचंच जास्त लागतं. मध्यंतरी मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले. (तिघाचौघांकडून माझेही यायचे आहेत, पण सगळी ओळखीची माणसं आहेत.) कागद समोर घेतला की वाटतं, काय उपयोग? नवीन काही सुचत नाही. बरोबरीच्यांची कामं बघितली की जळफळाट होतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. एवढ्या तंगीत कलाकाराने मनातली ओल आणि आशा टिकवायची तरी कशी?*

आशा, ओल, उपयोग हे मोठमोठे शब्द तुम्ही उघड्यावर मांडलेत आणि खरी गोष्ट कंसात कोंबलीत. तुमच्या अख्ख्या पत्रातलं तेवढं एकच वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे आज बोलायचं ते त्याच्याबद्दलच.

तिघाचौघांकडून म्हणजे नक्की किती जणांकडून? तिघे की चौघे? मेहुण्याचं किती देणं आहे हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, याबद्दल मला शंका नाही. पण तुमचं येणं किती आहे, ते कुणाकडे आहे आणि कधीपासून आहे, याचा हिशेब तुम्ही कुठेही लिहून ठेवलेला नाही. असता तर ‘तिघाचौघांकडून’ असं लिहिलंच नसतं.

कागद समोर घेतला की ‘काय उपयोग’ वाटतं, असं तुम्ही म्हणता. वाटणारच. तुम्ही रात्री जागून काम केलंत, ते वेळेवर पोचवलंत. समोरच्याने ते घेतलं, छापलं किंवा भिंतीवर लावलं, आणि बदल्यात काहीही आलं नाही. एकदा नाही, तीन-चार वेळा. काम केलं की पुढे काही घडत नाही, हे तुमच्या हाताला आता पक्कं कळलंय. त्या हाताने पाचव्यांदा आपणहून उत्साहाने ब्रश उचलावा, ही अपेक्षा मला तरी जरा जास्तच वाटते. तुमची प्रतिभा आटली असेल किंवा नसेल, मला इथून ते दिसत नाही. तुमची वसुली आटली आहे, एवढं मात्र स्पष्ट दिसतंय.

‘पण माणसं ओळखीची आहेत.’ मग तर सोपं व्हायला हवं. अनोळखी माणसाला शोधावं लागतं, फोन नंबर मिळवावा लागतो. यांचे नंबर तुमच्याकडे आहेत. यांच्या वाढदिवसाला तुम्ही शुभेच्छाही पाठवत असाल.

आणि मागायला जमत नाही, असं कृपया सांगू नका. मेहुण्याकडे मागितलेतच की. उसने मागायला जाताना माणूस आधीच खाली मान घालून जातो आणि ती मान आपल्याला सवयीची असते. आपल्या घामाचे पैसे मागताना सरळ उभं राहून समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. तुम्हाला अवघड जातंय ते हे सरळ उभं राहणं. ते टाळायला तुम्ही कर्ज काढलंत, बायकोच्या पगारावर भार टाकलात, मेहुण्याकडे शब्द टाकलात. पण ज्याच्या पुस्तकावर तुमचं चित्र आहे, त्याला साधा निरोप टाकला नाहीत.

आता एक बोचरी गोष्ट. भिडस्तपणा हे तुमचं वरवरचं कारण असावं, असं मला वाटतं. आतली भीती वेगळी असणार. पैसे मागितले आणि समोरून उत्तर आलं, ‘अरे, काम तसं काही खास जमलं नव्हतं’, तर? जोपर्यंत मागत नाही तोपर्यंत काम उत्तम आणि जग अन्यायी, असं समीकरण शाबूत राहतं. मागितलं की ते तपासलं जाईल. म्हणून बिल पाठवायचं नाही, वाट बघायची, आणि त्या वाट बघण्याला आशा म्हणायचं. टिकवायची कशी म्हणून विचारता, ती हीच आशा असेल तर मी म्हणेन, टिकवू नका. काम नावडलं असतं तर ते परत आलं असतं. वापरलं, म्हणजे पटलं.

पैशाबद्दल बोललं की कला मळते, असं आपल्याकडच्या चित्रकारांना कुणी शिकवलं कोण जाणे. जर्मन चित्रकार ड्युररला तरी ते माहीत नव्हतं. १५०७ ते १५०९ या काळात तो फ्रँकफर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी चर्चमधल्या वेदीवरचं चित्र करत होता. सौदा १३० गुल्डनचा (गुल्डन म्हणजे तेव्हाचं तिथलं नाणं) ठरला होता. काम वाढत गेलं तशी ड्युररने त्याला पत्रं लिहिली: एवढ्यात भागत नाही, निळा रंग किती महाग पडतो, माझा वेळ किती जातोय, २०० लागतील. हेलर चिडला. ड्युरर हटला नाही. हे चित्र मी दुसऱ्या कुणालाही विकू शकतो, असंही त्याने ऐकवलं. शेवटी २०० मिळाले. ते चित्र पुढे १७२९ मध्ये म्युनिकच्या राजवाड्यातल्या आगीत जळून गेलं आणि आज त्याची नक्कल तेवढी बघायला मिळते. पैशांबद्दलची पत्रं मात्र अजून वाचता येतात, याची मला थोडी गंमत वाटते. मायकेलअँजेलोचंही तसंच. सिस्टिन चॅपेलचं छत अर्धवट असताना पैसे थांबले आणि पोप लढाईच्या निमित्ताने दूर बोलोन्याला जाऊन बसला, तेव्हा हा परांचीवरून उतरून थेट बोलोन्याला गेला. देणेकरी पोप होता. तुमचा देणेकरी कोण, तर कॉलेजातला मित्र किंवा मित्राचा मित्र.

म्हणून माझं सांगणं एवढंच: पहिला निरोप जाईपर्यंत ब्रशला हात लावू नका. तसंही सध्या काही काढत नाही आहात, त्यामुळे नुकसान नाही.

सुरुवात त्या माणसापासून करा, ज्याचं नाव माझं हे वाचताना तुमच्या डोक्यात आलं आणि तुम्ही चटकन बाजूला सारलंत. निरोप छोटा ठेवा. कोणतं काम, ते कधी दिलं, किती बाकी आहे, कोणत्या तारखेपर्यंत हवे आहेत आणि कोणत्या खात्यात. ‘गडबड नाही’ लिहायचं नाही. ‘सवडीने’ नाही. हात जोडल्याचं चित्र नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘सध्या जरा अडचण आहे’ हेही नाही. अडचणीचा उल्लेख केलात की तुमची बाकी त्याच्या दयेवर जाते आणि मग मदत केल्यासारखा थोडासा चुरा तो तुमच्या हातावर ठेवतो. उद्या तुम्हाला लॉटरी लागली तरी हे पैसे त्याने देणं लागतंच.

खालीलप्रमाणे लिहिलंत तरी चालेल: ‘तुझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं काम अमुक महिन्यात दिलं होतं. त्याचे इतके पैसे येणं बाकी आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत खात्यात जमा कर. बिल सोबत जोडलंय.’ बस. पाठवलंत की फोन बाजूला ठेवा आणि खुलासा करणारा दुसरा निरोप टाकू नका. तो टाकायची उबळ येईल, मला माहीत आहे.

कुणी हप्त्याने देतो म्हणेल, घ्या. कुणी शुक्रवार उलटून गेल्यावरही गप्प बसेल, त्याला शनिवारी फोन करा. एखादा तोंड फिरवेल, संबंध तोडेल. जाऊ द्या. तुम्ही त्याच्याशी ओळख ठेवली होती ती तुमच्या खर्चाने. काही पैसे बुडतीलही, पण बुडालेले पैसे वहीत ‘बुडाले’ म्हणून लिहिता येतात. अधांतरी लटकलेले पैसे माणसाला दुसरं काही करू देत नाहीत.

इथून पुढे काम घेताना निम्मे आधी घ्यायचे, हेही ठरवून टाका. कच्चं रेखाटन पसंत पडलं की पुढचा हप्ता, आणि छपाईची मोठी फाइल किंवा मूळ चित्र हातात द्यायचं ते शेवटचा पैसा आल्यावर. ओळखीच्यांना हा नियम आधी लावा, अनोळखी लोक तो आपोआप पाळतात.

बायकोबद्दल तुम्ही हळवेपणाने लिहिलंय. ती काही बोलत नाही हे मला तुमच्याइतकं थोर वाटत नाही. ‘त्या मुखपृष्ठाचे आले का?’ एवढं तिने वर्षभरापूर्वी विचारलं असतं तर हे पत्र कदाचित लिहावं लागलं नसतं. तुम्ही मागत नाही, ती विचारत नाही, आणि या दोघांच्या सभ्यपणावर तिसऱ्याचं पुस्तक सुंदर दिसतंय. येणं असलेल्यांची यादी करायला तिला शेजारी बसवा. आकडे तिला तुमच्यापेक्षा चांगले आठवत असतील, असा माझा अंदाज आहे.

राहिला जळफळाट. तो होऊ द्या, त्याची लाज कसली? ज्यांची कामं बघून तुम्ही जळता, त्यांच्यातले निम्मे तुमच्याहून चांगली चित्रं काढत नसतील, पण बिलं नक्की काढतात.

नवीन चित्र कोणतं काढावं, ते कसं सुचेल, हे मला आत्ता विचारू नका. यादीतल्या सगळ्यांना निरोप गेल्यावर लिहा. पैसे आले की नाही ते कळवलं नाहीत तरी चालेल. यादीत तीन नावं निघाली की चार, ते मात्र नक्की कळवा.