मिरजेच्या ताईंचा प्रश्न: १,३८,०००ची झूम लेन्स हप्त्यावर घेऊ, का १२,०००ची प्राइम रोखीत?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे सहा फोटो दोन्ही नीट बघितले, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई मिरजेत राहतात, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला, हातात ३२,००० येतात, त्यातले ९,४०० घराच्या हप्त्याला जातात आणि बाकीच्यात घर चालतं. ताई तीन वर्षं बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर असे घरगुती कार्यक्रम शूट करतात, शिवाय एका स्टुडिओसाठी लग्नात सेकंड कॅमेरा धरतात. क्रॉप सेन्सरची बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ एमएम किट लेन्स (एमएमचा आकडा लहान तितकं जास्त दृश्य मावतं), एवढंच सामान. बँकेत १,२०,०००ची एफडी आहे आणि दिवाळीत ४०,०००ची भिशी लागणार आहे. आता स्टुडिओवाले म्हणतायत २४-७० एफ २.८ झूम घ्या (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), मग मी तुम्हाला पूर्ण लग्नं देतो. दुकानदाराने १,३८,००० सांगितलेत, त्यातले ४८,००० एफडी मोडून आणि ९०,००० दीड वर्षाच्या हप्त्यावर १५ टक्क्यांनी. दुसरा पर्याय म्हणजे १२,०००ची ५० एमएम एफ १.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स.

माझं मत सरळ सांगतो, झूम आत्ता नको. आणि प्राइम घ्या, पण ५० नको, ३५ घ्या. का ते सांगतो.

९०,०००ला १५ टक्क्यांनी १८ महिने म्हणजे महिन्याला साधारण ५,६१५ हप्ता, एकूण व्याज ११,००० च्या वर. वर्षाचे बारा हप्ते धरले तर ६७,३८०. आणि तुमची गेल्या वर्षाची कमाई तुम्हीच लिहिलीय, १५ घरगुती कार्यक्रम ३,५००ने आणि चार लग्नं ६,०००ने, म्हणजे ७६,५००. ताई, अख्ख्या वर्षाची मेहनत एका लेन्सच्या हप्त्यात जाईल आणि हातात उरतील नऊ हजार, त्यातून पेट्रोल, अल्बम, मेमरी कार्ड सगळं, हे मला बघवत नाही.

त्यात यंदाचं पंचांग उघडून बघा. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन सीझनमधला एक महिना गेला, आणि जुलैच्या शेवटी आषाढी एकादशी झाली की चातुर्मास, तो थेट नोव्हेंबरात कार्तिकीपर्यंत, लग्नं सुरू व्हायची ती तुळशीच्या लग्नानंतर. असे वर्षातले पाच महिने लग्नाचं काम जवळपास बंद, हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जाणारच, म्हणजे त्या पाच महिन्यांचे २८,००० तुम्ही कुठून भरणार? मिस्टरांच्या पगारातून किंवा उरलेल्या एफडीतून, दुसरं आहे काय.

एफडीचं पण बोलूया. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून तुमचे महिन्याला साधारण ३१,००० लागतात, म्हणजे आजची एफडी जेमतेम चार महिन्यांची आहे. ४८,००० काढले की सव्वादोन महिने उरतात, वर मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कमी मिळणार ते वेगळं. मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर आहेत हे तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत लिहिलंय, मी ते पहिलं वाचलं. त्या एफडीला हात लावू नका.

दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ पण करून देतो म्हणाला असं लिहिलंय. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना यावरून बजावलं होतं. व्याज कुठेतरी किमतीत नाहीतर सोडलेल्या डिस्काउंटमध्ये बसवलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. त्याला एकच विचारा, रोख घेतली तर किती कमी करता. त्या आकड्यात सगळं कळतं.

आता लेन्सचं. मी पैशाचा माणूस आहे, पण घरातला एक जण याच धंद्यात असल्याने थोडं कळतं. २४-७० मुळात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी केलेली लेन्स आहे, तुमच्या क्रॉप बॉडीवर ती ३६ पासून सुरू झाल्यासारखी दिसणार. म्हणजे स्टेजवर वधूवरांमागे मावशा, माम्या, चुलत्या मिळून पंचवीस माणसं उभी राहिली की तुम्हाला मागे सरकत खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत जावं लागणार, जे आज १८ वर तुम्ही जागेवरून काढताय. तुम्ही म्हणाल पुढे फुल फ्रेम घ्यायचीच आहे. मग ती घ्याल तेव्हा बघू, जो कॅमेरा घरात नाही त्याच्या लेन्सचे हप्ते आजपासून कशाला भरायचे.

५० चं दुखणं उलट बाजूचं आहे. क्रॉपवर ती ७५-८० सारखी दिसते, पोर्ट्रेटला सुंदर, पण बारसं होतं कुठे तर दहा बाय बाराच्या खोलीत, मधे पाळणा, भोवती आठ-दहा बायका, आणि तुमची पाठ कपाटाला टेकलेली. तिथे ५० ला नुसते चेहरे येतील, पाळणा यायचाच नाही. ३५ बरोबर बसते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पुढच्या कार्यक्रमाला किट लेन्सच्या झूम रिंगला ३५ वर सेलोटेप लावा आणि अर्धा तास तशीच शूट करा, मग ५० वर लावून अर्धा तास. एक रुपया न घालवता उत्तर मिळेल.

तुमचा तो मंगळागौरीचा फोटो मी मोठा करून बघितला. समई आणि एक ट्यूबलाइट, दोन मुली फुगडी घालतायत, हात ताणलेले, वेण्या उडालेल्या, क्षण इतका अचूक पकडलाय तुम्ही, आणि चेहरे मात्र पुसट, नथीच्या जागी नुसती एक पांढरी रेघ. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० आणि शटर १/३० सेकंद, फुगडीसाठी फार हळू. ३५ वर किट लेन्स एफ ४.५ च्या आसपास उघडते, एफ १.८ ला त्याच्या सहापट उजेड आत येतो, म्हणजे तोच फोटो १/१८० च्या आसपास निघाला असता आणि नथीचा मोती न मोती दिसला असता. त्या १,३८,०००च्या झूमपेक्षासुद्धा ही लेन्स जवळजवळ अडीचपट उजेड घेते. फक्त १.८ ला फोकस फार बारीक असतो, दोन चेहरे असतील तर २.५ करा नाहीतर एक जण धूसर येईल. आणि ग्रुप फोटोला फ्लॅश लावून किट लेन्स आहेच, ती विकू नका, विकून येणार तरी किती.

३५ एफ १.८ चा भाव मी ओळखीच्या दुकानात विचारला, १९,००० सांगितले, माऊंटप्रमाणे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडाप्रमाणे, थोडं इकडेतिकडे होईल. सहा घरगुती कार्यक्रमांची कमाई म्हणजे ती वसूल. अधिकात लग्नं नसली तरी श्रावणात मंगळागौरी आहेत, गणपती आहेत, बारशी तर वर्षभर, म्हणजे लग्नं बंद असतात तेव्हा तुमचं काम चालू असतं आणि तेच काम ही लेन्स सुधारते. दर कार्यक्रमाला ५०० वाढवून मागा, फोटो दाखवून मागा, मिळतील. पैसे एफडीतून नको, पुढच्या पाच-सहा कामांतून बाजूला टाका.

स्टुडिओवाल्यांचा शब्द मी हलका धरत नाही. पूर्ण लग्नाला ते १२,००० देणार म्हणजे तुम्हाला लग्नामागे ६,००० जास्त, पण झूमचे व्याजासकट १,४९,००० होतात, म्हणजे नुसत्या या वाढीव पैशातून ती फेडायला २५ लग्नं लागतील. लेन्स बॉडीपेक्षा भाव धरून ठेवते हे खरं, तीन वर्षांनी ८०,०००ला गेली असं धरलं तरी अकरा-बारा लग्नं लागतातच, आणि गेल्या वर्षी तुम्हाला मिळाली चार. म्हणून त्यांना विचारा, कार्तिकानंतरच्या किती तारखा नक्की देताय, आणि टोकन किती. तोपर्यंत लग्नाला लेन्स भाड्याने आणा, सांगलीत दिवसाला १,२०० घेतात असं तुम्हीच लिहिलंय. कर्जाचं नुसतं व्याज आहे त्यात नऊ दिवसांचं भाडं निघतं बघा. दहा-बारा तारखा खरंच आल्या तर क्रॉपसाठीच बनवलेली १७-५० किंवा १८-५० एफ २.८ बघा, ती या झूमपेक्षा खूप स्वस्त पडते, भिशीचे पैसे असतील आणि वर थोडे कमी पडले तर सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज आहे, तेव्हा अर्ज मी भरून देईन.

लेन्स कुठलीही घ्या, पक्कं बिल घ्या, नाव आणि सिरियल नंबर टाकून. बिनबिलाची दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळते, तिला ना वॉरंटी ना विमा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा माझ्या एका क्लायंटची कॅमेऱ्याची बॅग कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली आणि बिलांची फाइल त्याच कप्प्यात. घराच्या विम्यात धंद्याचा कॅमेरा आपोआप येत नाही, ऑल रिस्क प्रकारचं वेगळं कव्हर मागावं लागतं, पुराचा त्यात समावेश आहे का हे लेखी घ्या. बिलाचा फोटो त्याच दिवशी स्वतःला मेल करा. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, कापडी बॅगेत नको, बुरशी धरते.

सेलोटेपचा प्रयोग करा, स्टुडिओवाल्यांशी बोला, आणि ते किती तारखा लेखी देतात तेवढा आकडा मला कळवा. तो आकडा आला की झूमचं पुढचं बोलू.