फायनलच्या रात्री संभाजीनगरात कुठे जावं?

नोकरीसाठी नुकतेच संभाजीनगरला आलात आणि भारताची फायनल असेल तेव्हा शहरातलं वातावरण अनुभवायला कुठं जावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर मॅच गल्लीत नाहीतर टपरीवर बघा, आणि जिंकलो की क्रांती चौक गाठा. हॉटेलातल्या मोठ्या पडद्यासमोर पैसे घालवू नका. कॉमेंट्री ऐकू येत नाही, आणि शेजारचा माणूस अनोळखी असला तर फिल्डिंगला शिव्या तरी कुणाबरोबर घालायच्या?

29 जून 2024 ची टी-20 फायनल मी पैठण गेटजवळच्या एका चहाच्या टपरीवर बघितली. आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, क्लासेन सुटला होता. निम्मी मंडळी उठून गाड्यांना किक मारायला लागली. चहावाल्या चाचांनी गॅस बंद केला, "मियाँ, गया हाथ से." मग हार्दिकनं क्लासेनला काढलं आणि गेलेले एकेक परत येऊन उभे राहिले. शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा चाचा टपरी तशीच उघडी टाकून रस्त्यावर आले होते. जिंकलो फक्त 7 धावांनी!

एक लक्षात ठेवा, मोबाईलवर बघू नका. ॲप टीव्हीच्या मागं चालतं. समोरच्या घरात आरडाओरडा सुरू होतो आणि तुमच्याकडं बॉलर अजून रनअपलाच असतो. सगळी मजा जाते.

पैठण गेटकडून क्रांती चौकात पायीच जा. महाराजांच्या पुतळ्याभोवती झेंडे, ढोल, गुलाल, सगळं असतं. जालना रोडवर गाडी घातली की अडकलाच. सायलेन्सर काढून फिरणारी पोरं आणि पायात फुटणारे फटाके मात्र मला अजिबात आवडत नाहीत. लहान लेकरं सोबत असतील तर कडेलाच थांबा.

आणि फक्त पुरुषांच्या क्रिकेटची वाट बघू नका. 2 नोव्हेंबर 2025 ला मुलींनी नवी मुंबईत आफ्रिकेला 52 धावांनी हरवून वर्ल्डकप घेतला. पावसामुळं मॅच उशिरा सुरू झाली, संपेपर्यंत बारा वाजून गेले. दीप्ती शर्मानं 5 विकेट काढल्या. आमच्या गल्लीत ज्या मुलींना एरवी कुणी बॅटिंग देत नाही, त्या एवढ्या रात्री रस्त्यात नाचत होत्या.

ऑफिसात कुणी बीडकडचं असलं तर तुमचं काम सोपं झालं. आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेचं नाव काढा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं. पुढच्या वर्षी एशियाडमध्ये त्यानं ते मिळवलं. नाहीतर बीडच्याच सचिन धसचं, 2024 च्या अंडर-19 वर्ल्डकपच्या सेमीफायनलला 4 बाद 32 वरून 96 मारणाऱ्या पोराचं. पुढची फायनल कुणाच्या घरी बघायची हा प्रश्न तिथंच सुटेल.

सिडकोत राहत असाल तर पाण्याचा दिवस आधी बघून ठेवा. नेमकं शेवटच्या पाच षटकांत नळाला पाणी येतं आणि मोटर लावायला कुणाला तरी उठावंच लागतं.